पिवळ्या पाटीची मर्सिडीज

“ताई, तुम्ही तरी कॅन्सल करू नका. दोघांनी केली.”

लोहगाव विमानतळाच्या पार्किंगमध्ये खांबाला टेकून साठी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते. झुपकेदार पांढऱ्या मिशा, पाठ ताठ, पायाशी हिरवी लोखंडी ट्रंक. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं, सुभेदार य. रा. जगदाळे. मी काच खाली केली तरी ते आधी गाडीकडेच बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्यावर आली, आणि मग त्यांनी माझ्या पलीकडच्या सीटवर वाकून बघितलं, ड्रायव्हर कुठं गेला म्हणून.

“मीच ड्रायव्हर,” मी म्हणाले. “ओटीपी सांगा.”

त्यांनी चार आकडे सांगितले. मी ते दाबले, आणि स्क्रीनवर जायचं ठिकाण आलं. ढमाले लॉन्स, बोरजाईवाडी.

अगं बाई! मी उज्वला हनुमंत ढमाले, राहणार बोरजाईवाडी. ढमाले लॉन्स माझ्या चुलत सासऱ्यांचं, तात्यांचं. त्या दिवशी तिथं तात्यांच्या कोमलचं लग्न होतं, आणि त्याच लग्नासाठी मला लवकर घरी पोचायचं होतं.

चूक माझीच. सकाळी एका गिऱ्हाइकाला विमानतळावर सोडलं आणि परत रिकामी कशाला जायचं म्हणून अ‍ॅपमधलं ‘घराच्या दिशेनं’चं बटण दाबलं. आम्हा ड्रायव्हर लोकांना दिवसातून एकदोनदा ते मिळतं. दाबलं की घराच्या वाटेवरचंच भाडं येतं. आता वाटेवरचं म्हणजे थेट आमच्या मांडवातलं येईल, हे मला काय ठाऊक?

“काय झालं?” सुभेदारांनी विचारलं. “तुम्हीपण नाही म्हणताय का?”

मुकाट्यानं कॅन्सल करावं, असं एकदा मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. पण उन्हात उभा राहून राहून त्या माणसाचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी उतरले आणि त्यांच्याबरोबर ट्रंकेची एक कडी धरली.

“बसा,” म्हणाले. “सोडते.”

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. आज माझ्या पाच गाड्या आहेत, पाचही पिवळ्या पाटीच्या, आणि त्यांतल्या तीन बायका चालवतात. पण त्या दिवशी माझ्याकडे एकच गाडी होती, आणि तिची पिवळी पाटी गावाला माहीत नव्हती.

हिंजवडीच्या कंपन्या आमच्या शिवाराला येऊन भिडल्या तेव्हा सासरे नुकतेच गेले होते. आमच्या ह्यांनी, म्हणजे हनुमंतनं, भाताची खाचरं एकेक करून विकली. जिथं आमचा इंद्रायणी तांदूळ व्हायचा तिथं आज बावीस मजल्यांचा टॉवर आहे. पैसा आला तसे हे गावाचे हनुशेठ झाले. सगळ्यात आधी काळी मर्सिडीज घेतली. गाडी आली तेव्हा आमच्या गल्लीत डांबर नव्हतं, म्हणून तिला दारात आणायला दोन ट्रॉल्या मुरूम टाकावा लागला. वर्षातून चारदा तिच्यावरचा कपडा निघायचा. दसरा, ह्यांचा वाढदिवस, भाऊकीतलं लग्न आणि पुढाऱ्याची सभा. एरवी ती गोठ्यात उभी असायची, कारण गुरं आधीच विकली होती.

पैसा आला तसा गेला, त्यात मी शिरत नाही. एक हॉटेल काढलं ते मोडलं, एक भागीदार मिळाला तो पळाला. शेवटी उरली ती गाडी आणि अकरा गुंठे. त्या अकरा गुंठ्यांत एक विहीर, एक जांभूळ आणि माझा हरभरा.

ते अकरा गुंठे तात्यांच्या लॉन्सच्या मागच्या भिंतीला लागून होते. तात्यांना ते पार्किंगला हवे होते. हे देऊन टाकायला तयारही झाले. कशासाठी? तर गाडीचे टायर आले होते, विमा आला होता, आणि हनुशेठनं साध्या गाडीतून कसं फिरायचं!

मी जेवणाचं ताट बाजूला सारलं. लग्नानंतर कधी भांडले नव्हते तेवढी त्या दिवशी भांडले. म्हणाले, “जमीन विकून गाडी पोसायची? त्यापेक्षा गाडीला कामाला लावा, तीच आपल्याला पोसेल.”

“टॅक्सी?” ह्यांना शब्दच सहन झाला नाही. “मर्सिडीजची टॅक्सी? आणि चालवणार कोण, मी?”

“मी चालवीन. माहेरी ट्रॅक्टर कोण चालवत होतं?”

आठ दिवस घरात अबोला. मग ह्यांनी दोन अटी घातल्या. कोमलच्या लग्नापर्यंत मुदत, तोवर घर आणि गाडी दोन्ही माझ्या कमाईवर चालवून दाखवायचं. आणि भाऊकीत एकाही माणसाला कळता कामा नये. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी गाडी गोठ्यात जाईल आणि अकरा गुंठे तात्यांना. तात्यांनी विसाराचं पाकीट कोमलच्या लग्नातच हातात ठेवतो म्हणून सांगितलं होतं.

मी हो म्हटलं. आरटीओत खेटे घातले, गाडी टॅक्सीत पास करून घेतली, बिल्ला काढला. पांढरी पाटी जाऊन पिवळी आली. ती बसली त्या दिवशी हे संध्याकाळी जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून झेंडूच्या प्लॅस्टिकच्या फुलांचे दोन जाडजूड हार घेऊन आले. एक पुढच्या पाटीवर, एक मागच्या. मी रोज सकाळी पोरीला पाषाणच्या शाळेत सोडायला म्हणून निघायची, ओढ्याच्या पुलापलीकडे गेल्यावर हार काढायची, दिवसभर भाडी मारायची आणि येताना पुलापाशी थांबून हार पुन्हा बांधायची. गावात बायका म्हणायच्या, “बया! हनुशेठच्या बायकोचा रुबाब बघा. पोरीला शाळेत सोडायला मर्सिडीज, आणि तीपण रोज हार घातलेली.”

मी आपली गालात हसायची. पण खरं सांगू? तो हार बांधताना रोज मला स्वतःचीच चीड यायची. चोरी केल्यासारखं कमवायचं कशाला?

असे सहा महिने काढले होते. राहिला होता तो एकच दिवस. घरी सांगून आले होते, औंधच्या टेलरकडून ब्लाऊज आणते. पैठणी डिकीत होती. दुपारी कोमलच्या पाठवणीला नवरदेव-नवरीला याच गाडीतून न्यायचं ठरलेलं होतं, आणि नवरा-नवरीच्या नावांचा बोर्ड आणि फुलं लावून पाट्या झाकायची जबाबदारी ह्यांनी स्वतःकडे घेतली होती.

“ताई, बारा सतराचा मुहूर्त आहे,” सुभेदार मागून म्हणाले. “साडेआठला उतरायचं विमान साडेदहाला उतरलं. पोचू ना?”

“पोचवते. नवऱ्याकडचे की नवरीकडचे?”

“नवऱ्याचा मामा मी. नवऱ्याचे वडील तो चार वर्षांचा असताना गेले. मी सुट्टीवर आलो की त्याला सायकल शिकवायची, पोहायला शिकवायचं, एवढंच जमलं. बाकी सगळं माझ्या बहिणीनं एकटीनं केलं. साताऱ्यात लोकांचे डबे करून इंजिनियर केला.” त्यांनी घड्याळ बघितलं. “मुलीकडचे मोठे लोक आहेत म्हणे. बहीण जरा धास्तावलेली आहे. तुम्ही त्या भागातल्या का? ढमाले कसे आहेत?”

आली का पंचाईत! मी आरशात बघणं टाळलं.

“असतात तसे आहेत,” म्हणाले. “आवाज मोठा, मन बरं.”

“मुलीच्या एका चुलतभावाची मर्सिडीज आहे म्हणे. पाठवणीला तीच देणार आहेत. बहीण मला फोनवर सांगत होती, दादा, आपण जन्मात कधी मर्सिडीजमध्ये बसलोय का?”

“तुम्ही आत्ता बसलाय की.”

त्यांनी सीटवर हात फिरवला, दाराकडे बघितलं, आणि एवढ्या मोठ्यानं हसले की मलाही हसू आवरेना. “आयला! आणि मी मघापासून म्हणतोय, हिचा आवाज कसा येत नाही!”

खरंच सांगते, तो माणूस मला तिथंच आवडला.

वाकडच्या पुढं पावणेबाराला सगळं ठप्प झालं. पुढं कुठंतरी ट्रेलर आडवा झाला होता. मोबाईलच्या नकाशावर बोरजाईवाडीपर्यंतचा रस्ता लालभडक, पोचायची वेळ एक वाजून दहा मिनिटं. आजूबाजूचे लोक गाड्या बंद करून खाली उतरले होते.

सुभेदारांचा फोन वाजला. पलीकडून बाईच्या रडण्याचा आवाज मलाही ऐकू आला. “दादा, भटजी घाई करतायत. व्याही म्हणतात, मामा नसला तरी चालतं, मुहूर्त टळायला नको. मी सांगितलंय, माझा दादा पाठीशी उभा राहिल्याशिवाय मी अंतरपाट धरू देणार नाही. ते चिडलेत रे.”

“चिडू देऊ नकोस. तू त्यांचं ऐक. उरकून घ्या. मी येतो मागनं.” आवाज अगदी शांत ठेवला होता त्यांनी. फोन ठेवला, चष्मा काढला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

एक वाट होती. मोबाईलला ती ठाऊक नव्हती. पण सासू असताना तिच्याबरोबर दहा वर्षं डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन मी त्या वाटेनं गेले होते. टॉवरच्या मागून बैलगाडीची जुनी वाट निघते, ओढ्याच्या उतारातून पलीकडे जाते आणि आमच्या अकरा गुंठ्यांत शिरते. पुढं लॉन्सचं मागचं फाटक. सगळी मिळून वीस मिनिटं.

पण त्या वाटेला पूल नव्हता. थांबून हार बांधायला आडोसा नव्हता. मागच्या फाटकातून आत जायचं म्हणजे आचाऱ्यांच्या चुलींमधून सरळ मांडवात, सगळ्या भाऊकीच्या पुढ्यात. हार बांधूनही उपयोग नव्हता. अंगावर ड्रायव्हरचा पांढरा शर्ट, छातीवर बिल्ला, मागं ट्रंक घेतलेलं भाडं. एवढं बघून कुणाला कळायचं राहिलं असतं? आणि कळलं की अट मोडली. सहा महिने पहाटे चारला उठले होते मी, पायाला गोळे येईपर्यंत गाडी चालवली होती, आणि शेवटच्या दिवशी स्वतःच्या हातानं अकरा गुंठे तात्यांच्या पदरात टाकायचे?

मी आरशात बघितलं. सुभेदार रुमालानं चष्मा पुसत होते. पुसून झालेला तोच चष्मा पुन्हा पुसत होते.

“सुभेदार,” मी म्हणाले, “गाडी थोडी हलेल. वरचा दांडा धरून बसा.”

डाव्या बाजूच्या बोळात गाडी घातली तशी मोबाईलमधली बाई ओरडायला लागली, मागं वळा, मागं वळा. मी तिला बंदच करून टाकलं. टॉवरच्या कुंपणामागे खडी पडली होती. मर्सिडीजचं पोट दगडाला घासलं आणि माझ्या अंगावर काटा आला. ह्यांनी तो आवाज ऐकला असता तर तिथंच घेरी येऊन पडले असते. ओढ्याला घोटाभर पाणी होतं. मी ट्रॅक्टर घालतात तशी पहिल्या गिअरला, न थांबता गाडी घातली. मर्सिडीज असली तरी शेवटी चार चाकंच. निघाली की बाहेर!

वर चढलो आणि पुढं रानाच्या तोंडाशी आडवं लावलेलं बाभळीच्या काट्यांचं झाप. पलीकडे माझा हरभरा, वीतभर वाढलेला, हिरवागार.

सुभेदार मी सांगायच्या आधीच खाली उतरले. काटे हातात रुतत असताना त्यांनी झाप ओढून बाजूला केलं. मग समोर बघून थबकले.

“ताई, इथं तर पीक आहे. कुणाचं रान आहे हे?”

“माझंच.”

“अहो, मग चाकं—”

“बसा लवकर. बारा वाजून गेलेत.”

ते बसले. मी डोळे मिटले नाहीत, पण मिटावेसे वाटले. पेरलेला, निंदलेला, रोज सकाळी निघायच्या आधी विहिरीचं पाणी सोडलेला हरभरा कराकरा चाकाखाली मोडत गेला. मागून सुभेदारांचा आवाज आला, हळू, “पोरी, तू आहेस तरी कोण?”

“नवरीची वहिनी,” मी म्हणाले. “मर्सिडीजवाल्या चुलतभावाची बायको.”

मग मी त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं, अट, हार आणि अकरा गुंठे. का सांगितलं ते मलाही ठाऊक नाही. बहुतेक आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून.

मागचं फाटक उघडं होतं. आचारी मसालेभाताचं पातेलं दोघांत धरून चालले होते, ते मर्सिडीज बघून पातेल्यासकट बाजूला झाले. मी हॉर्न दाबून धरला. मांडवाच्या कनातीचा एक पडदा कुणीतरी वर केला, आणि मी चिखलानं बरबटलेली, बंपरमध्ये हरभरा अडकलेली गाडी थेट बोहल्यासमोरच्या हिरवळीवर नेऊन उभी केली. बारा वाजून अकरा मिनिटं.

पाचशे माणसं गाडीकडे बघत होती. सगळी भाऊकी. पैठण्या, फेटे, जाड साखळ्या. मी दार उघडून उतरले.

आमचे हे व्यासपीठाच्या पायरीवर उभे होते, कोट घालून, फेटा बांधून. त्यांनी मला बघितलं, मग पाटी बघितली. आणि हा माणूस पाचशे लोकांदेखत धावत आला आणि पुढच्या पाटीसमोर पाय फाकवून, कोट पसरून उभा राहिला! मागची पाटी मात्र सगळ्यांना दिसत होती. एवढ्या भीतीतही मला हसू फुटलं.

“दादा!” बोहल्यावरून सुभेदारांची बहीण धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. नवरदेव मुंडावळ्यांसकट खाली आला आणि मामांच्या पाया पडला.

“चला, चला, मुहूर्त!” तात्या ओरडले. पण त्यांचे डोळे पाटीवरच होते.

अंतरपाट धरला गेला. मामा नवरदेवाच्या पाठीशी उभे राहिले, ताठ, काट्यांनी ओरबाडलेले हात पुढं घेऊन. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. मी गाडीला टेकून, पांढऱ्या शर्टातच अक्षता टाकल्या. हे अजून पाटीसमोरच उभे. माझ्याकडे बघत नव्हते. बघा, सहा महिने मी कुणाला घाबरले नाही, हायवेला नाही की हिंजवडीच्या ट्रॅफिकला नाही. पण त्या पाच मिनिटांत खरंच घाबरले.

लग्न लागल्याबरोबर तात्या खाली आले. मागोमाग चारपाच भाऊबंद. तात्यांच्या सदऱ्याच्या खिशातून पाकिटाचं टोक दिसत होतं.

“हनुमंता,” तात्या म्हणाले, “गाडी पिवळी कधी झाली रं?”

ह्यांनी कोट आणखी पसरला.

“सूनबाई भाडी मारते व्हय? ढमाल्यांची सून?” मागून कुणीतरी फिसकन हसलं. तात्यांनी आवाज उतरवला, तो समजूत घालायचा. “अरे, अडचण होती तर सांगायचं. चुलता मेलाय का तुझा? जाऊ दे. झालं ते झालं. हे घे पाकीट. उद्या गाडी आत लाव आणि सोमवारी रजिस्ट्रारकडं जाऊ.”

त्यांनी पाकीट पुढं केलं. ह्यांचा हात उचललेला मला दिसला. माझं बोलायचं ते सहा महिन्यांपूर्वीच बोलून झालं होतं.

तेवढ्यात मामा आले. त्यांच्या कपाळाला अजून अक्षता चिकटल्या होत्या.

“व्याही,” ते तात्यांना म्हणाले, “मोठा रस्ता अजून बंद आहे. तुमची निम्मी पाहुणेमंडळी तिथंच अडकलीत. मी इथं आहे तो या पोरीमुळं. ती मला घेऊन स्वतःच्या पिकावरून आली. मी बावीस वर्षं फौजेच्या गाड्यांतून हिंडलोय, असा ड्रायव्हर मी बघितला नाही.” मग ते ह्यांच्याकडे वळले. “तुम्ही हिचे मालक का? नशीबवान आहात. ती सगळं ओळखून आलीय. इथं आल्यावर काय जाणार तेही.”

ह्यांनी मान वर केली. “पिकावरून?”

ते वाकले. बंपरच्या जाळीत अडकलेला हरभऱ्याचा डहाळा त्यांनी ओढून काढला आणि हातात धरून बघत राहिले.

“आपला?”

“आपलाच,” मी म्हणाले. “बांधाकडच्या चार ओळी गेल्या. बाकीचा आहे.”

“विहिरीकडनं आलीस?”

“दुसरी वाट कुठंय?”

ह्यांनी डहाळ्याची दोन पानं तोडून तोंडात टाकली. हरभऱ्याचा पाला आंबट असतो. त्यांचे डोळे बारीक झाले. पाण्यानं की आंबटानं, मी आजवर विचारलेलं नाही. सासरे असेच उभ्या उभ्या पाला खायचे, हे मात्र मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

मग ते पाटीसमोरून बाजूला झाले. नुसते बाजूला झाले नाहीत, खिशातला रुमाल काढून खाली बसले आणि पाटीवरचा चिखल पुसायला लागले. नवा कोट, गुडघे हिरवळीत. अख्खी भाऊकी बघत होती.

“तात्या,” पुसता पुसताच ते म्हणाले, “सहा महिने माझं घर ही चालवतेय. मी तिला हार बांधायला लावत होतो. लाज मला वाटायला पाहिजे होती, ती पाटीची वाटत होती.” ते उभे राहिले. “आणि ते रान तुम्हाला दिलं असतं, तर तिथं आज भिंत असती. मग तुमचा मुहूर्त कुठनं गाठला असता?”

तात्यांनी पाकीट अजून पुढंच धरलं होतं.

“पाकीट ठेवा. अकरा गुंठे विकायचे नाहीत.”

“अरे पण पार्किंग—”

“पार्किंगला दुसरीकडं बघा. हंगामाला हरभरा पाठवीन, घुगऱ्या करून खा.”

पहिल्यांदा हसली ती कोमल. बोहल्यावरून, नवरी असून, खळखळून. मग तिच्या मैत्रिणी, मग मामा, आणि बघता बघता मांडवात हशा पिकला. तात्याही हसले शेवटी. मी म्हटलं होतं ना, आवाज मोठा, मन बरं. पाकीट त्यांनी खिशात ढकललं ते एकदम आतल्या खिशात.

मी मात्र रडले. गाडीच्या मागं जाऊन, डिकीत तोंड घालून, पैठणीवर डोकं टेकून हमसून रडले. पोरगी आली आणि म्हणाली, “आई, पप्पांनी मला विचारलं, आईला गाडीत पाणी प्यायला बाटली ठेवतेस का गं रोज.” मग तर मला आवरेचना.

दुपारी पाठवणीची वेळ झाली. मी पैठणी नेसले, आणि पैठणीवर बिल्ला लावला. गाडी कुणीतरी धुवून आणली होती. वर खऱ्या शेवंतीच्या माळा, पण पाट्या दोन्ही मोकळ्या. नवरीचं रडणं चालू होतं, मामा पुढच्या सीटवर आधीच जाऊन बसले होते. म्हणे, मी ओळखीच्या ड्रायव्हरशेजारी बसणार.

मी चालवायच्या दाराकडे गेले तर हे तिथं उभे. ह्यांनी दार उघडून धरलं. गाडी टॅक्सी व्हायच्या आधी ज्या दाराला मला कधी हात लावू दिला नव्हता, ते दार.

“चला, ड्रायव्हर,” म्हणाले. “वर्दी आलीय.”

“कुठली?”

“सातारा. आणि हे बघ,” त्यांनी आवाज बारीक केला, “येताना ते घराच्या दिशेचं बटण दाब. मी जेवायला थांबतो.”

मी गाडी काढली. पुलावर आल्यावर सवयीनं पाय ब्रेकवर गेला. थांबायचं काहीच कारण नव्हतं. मी तशीच पुढं गेले.

ते प्लॅस्टिकचे दोन हार अजून आहेत. दुसऱ्या वर्षी हरभरा पेरला तेव्हा ह्यांनी बुजगावणं उभं केलं, जुना कोट त्याच्या अंगात घातला आणि दोन्ही हार त्याच्या गळ्यात अडकवले. येणारेजाणारे विचारतात, हे कोण म्हणून. हे स्वतःच सांगतात, “आमचे हनुशेठ. पाखरं लई भितात त्यांना.”